खळीवर टाकलेला कापूस

पाय टांगून पडलेल्या बाईला भेटायला येणारा माणूस आधी पायाकडे बघतो आणि मग तोंडाकडे. मी जवळजवळ तीन महिने तशी पडून होते, म्हणून मला ठाऊक. आता कुठे कोणी माझ्यासारखी पडली असेल आणि तिच्या उशाशी बसून वाचून दाखवणारे कोणी असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर वाकडे निघेल, वाक्येही वाकडी निघतील, समजून घ्यावे. धीर द्यावा असे माझ्याजवळ फार नाही. पण हे आणखी कोणाला तरी झाले होते, एवढे कळले तरी पडलेल्या बाईचा जीव थोडा खाली बसतो. माझा बसला असता, म्हणून म्हणते.

बोळ

आम्ही वऱ्हाडातले. गावात हातमागावर पोट भरेना, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझे घरधनी मला घेऊन सोलापूरला आले. ह्यांना गिरणीत खळीच्या खात्यात काम मिळाले आणि मला रिळाच्या खात्यात. खळ म्हणजे सुताला कडकपणा यावा म्हणून लावतात ती पेज. गव्हाचे, मक्याचे पीठ मोठ्या हंड्यात वाफेवर शिजवून करतात. आमच्या दोन खात्यांच्या मधे शहाबादी फरशीचा एक बोळ होता. पुरुष त्यातून खळीच्या बादल्या नेत आणि आम्ही बायका डोक्यावर बॉबिनच्या, म्हणजे सुताच्या नळ्यांच्या, टोपल्या घेऊन दिवसभर जात-येत असू. सगळ्या अनवाणी. मशीन म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे वहाणा कोण घालणार?

बोळात खळ सांडली तर तिला कोणी झाडू लावत नसे. पिठाची, म्हणजे अन्नच ते. अन्नाला झाडू कसा लावायचा? तर वरून मूठभर पडका कापूस टाकायचा. तेवढ्यापुरते अन्न झाकले जाई, कोणाचा पाय त्याला लागत नसे. मग सुट्टीच्या भोंग्याआधी कोणीतरी ओल्या फडक्याने ते हातांनीच उचलायचे आणि आवारातल्या पिंपळाच्या बुंध्याशी टाकायचे. अशी आमच्या गिरणीत रीत होती. साहेबाला फरशी पांढरी दिसे आणि आम्हाला पाप लागत नसे. पण कापूस त्या बोळात एरवीही उडून पडलेला असायचा. कुठल्या कापसाखाली खळ आणि कुठे नुसती फरशी, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक.

त्या दिवशी दुपारची सुट्टी होऊन काम नुकते लागले होते. माझ्या डोक्यावर भरलेली टोपली, पुढे नरसम्मा चाललेली. ही तेलंगी बाई माझ्या शेजारच्या रिळावर काम करायची. तिचा पाय जिथे पडला नाही तिथे माझा पडला. टाच पुढे गेली ती गेलीच. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो माझ्या अंगातून आला हे मला आधी कळलेच नाही.

"अय्यो अम्मा!" नरसम्मा मागे धावली. "ऊठ ग, ऊठ. काय झालं न्हाय."

मी उठायला गेले. डावा पाय मांडीपासून बाहेरच्या अंगाला वळून पडला होता, जणू दुसऱ्या कोणाचा पाय माझ्या लुगड्यात ठेवला होता. मी पहिल्यांदा काय केले? लुगडे गुडघ्याखाली ओढले. आणि म्हणाले, "बॉबिनी खळीत भिजल्या का बघा ग." लाज आणि भीती, दोन्ही एकदम आली की माणूस असे काहीतरी बोलतो.

खात्याचे साहेब आले. त्यांनी आपला टांगा दिला. तेवढ्या कळांतही मी त्यांना हात जोडले.

"बघू"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मांडी दाबली तेव्हा माझे ओरडणे माझ्याच कानांनी ऐकले.

"मांडीचं हाड मोडलंय," ते म्हणाले.

मी विचारले, "कापणार का?"

"कापायचं कशाला? बांधायचं. दोन-तीन महिने हलायचं नाही."

"मग चालता येईल?"

डॉक्टर चांगले होते. खोटे बोलणारे नव्हते. म्हणून नर्सबाईंकडे बघून म्हणाले, "बघू."

तो "बघू" पुढे रोज माझ्याबरोबर जागा व्हायचा. आम्हाला मूलबाळ झालेले नव्हते. पाच वर्षे झाली होती लग्नाला. गिरणीत उभ्याने काम असते, घरी पाणी खालून माडीवर न्यायचे असते. जिला मूल नाही आणि पायही नाही, अशा बाईला कोण किती दिवस ठेवील? मोडल्या हाडाचे दुखणे औषधाने थोडे उतरायचे, हे उतरायचे नाही.

तिसऱ्या दिवशी गिरणीतून कारकून कागद घेऊन आला. त्यात लिहिले होते, बाई स्वतःच्या निष्काळजीपणाने पडली. मी वाचले. वाचता येते ना मला. पण साहेबांनी टांगा दिला होता, कारकून एवढ्या उन्हाचा चालत आला होता. त्याला नाही कसे म्हणायचे? मी शाळेत गिरवलेल्या अक्षरात सही केली.

"सही येते की तुला!" तो खूश होऊन म्हणाला.

"उपकार झाले," मी म्हणाले.

आज ते आठवले की अंगावर काटा येतो. बायांनो, उपकार मानावेत, पण कागद परत एकदा वाचावा.

वाळूची पिशवी

पायाला फळ्या बांधल्या. पायाला दोरी, दोरी खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली आणि तिला वाळूची पिशवी लटकवलेली. खाटेचे पायथे लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवले होते, त्यामुळे डोके खाली आणि पाय वर. रात्रंदिवस कोणीतरी पाय ओढते आहे असे वाटायचे. पहिले आठ दिवस मी चमच्याने पाणी प्याले तरी नाकात जायचे.

सकाळी भांडे, मग अंग पुसणे, मग पाठीला स्पिरिट. हे सगळे दुसऱ्याच्या हातून. नर्सबाई ख्रिस्ती होत्या. पहिल्या दिवशी त्या भांडे घेऊन आल्या तेव्हा मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडून घे, पण कंबर उचल." पुढे रविवारी त्या माझे केस विंचरून द्यायच्या. बाकीच्या जगाने मला पायाने ओळखले असेल, ह्या बाईंनी केसांनी ओळखले. मी त्यांचे नाव रोज देवापुढे घेते.

शेजारच्या खाटेवर मंद्रूपची धोंडाबाई होती. म्हातारी. घरी मेंढ्या. बाजाराच्या दिवशी गाडीतून उतरताना चिखलात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते.

"काय ग वऱ्हाडणी, झोपलीस व्हय?" ती विचारायची. "मंद्रूपच्या बाजारात म्हस पडली तर कोन बघत न्हाय. मी पडले तर सारा बाजार गोळा! म्हनलं, आरं, तिकीट लावा की आता."

मी हसले की पायाला हिसका बसायचा. "आजी, हसवू नका हो."

"न्हाय हसवत. तुजा दादला येतो का रोज?"

"येतात की. संध्याकाळी."

"येतुया तवर बोलून घे." मग ती छताकडे बघत म्हणाली, "आमच्यात मेंढीचा पाय मोडला तर दोन मुक्काम खांद्यावर नेत्यात. तिसऱ्याला मागं ठिवत्यात. काय करनार, कळप थांबत न्हाय."

तिने ते स्वतःविषयी म्हटले होते. तिची मुले आठवड्यातून एकदा, तीही बाजार करून यायची. पण मला ते माझ्याविषयी लागले.

हे खरेच रोज यायचे. बसायचे, खाटेच्या दांडीवर हात ठेवायचे, बोलायचे नाहीत. एके दिवशी उठताना ह्यांच्या बंडीच्या खिशातून पाकीट खाली पडले. अक्षर माझ्या भावाचे होते.

"दादाचं पत्र?" मी म्हणाले. "कधी आलं?"

"दोन रोज झाले."

मी हात पुढे केला. ह्यांना द्यावेच लागले. भावाने लिहिले होते, तुम्ही विचारता तर पाठवून द्या. एका कोपऱ्यात पडून राहील. पण हिच्या वहिनीच्या हातूनही आता फार होत नाही, ते ध्यानात असावे.

तुम्ही विचारता तर. म्हणजे ह्यांनीच आधी विचारले होते. मी पत्र घडी करून परत दिले. पलीकडे धोंडाबाई डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती.

कबुली

त्यानंतरच्या रविवारी हे पेरू घेऊन आले. चाकूने फोडी करत राहिले. एवढ्या लहान फोडी की खायच्या कशा हा प्रश्न.

"तुले एक सांगायचं हाय," ते म्हणाले.

मला वाटले, आता माहेरच्या गाडीचा दिवस सांगतील. म्हटले, "सांगा."

"त्या दिवशी बादली माह्या हातानं हिंदकळली. कापूस मीच टाकला."

मला आधी समजलेच नाही. मग समजले.

"मंग उचललं काहून नाही?"

"भोंग्याआंधी उचलणार होतो. हंडा उतू जात होता, तिकडं पळालो." त्यांनी मान खाली घातली. "मले वाटलं, झाकलं हाय तं झाकलं हाय. तूच तं सांगतलं होतं. अन्न हाय, पाय लागू देऊ नका, वरतून कापूस टाकत जा."

वर मी लिहिले, आमच्या गिरणीत रीत होती. आता खरे लिहिते. ती रीत माझ्या तोंडून निघालेली होती. सोलापूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात हे घरी येऊन म्हणाले होते की तिथे सांडलेली खळ माणसे पायाने मोरीत ढकलतात, मला बघवत नाही. माझी आई जात्याभोवती सांडलेले पीठ चिमटीने उचलून कपाळाला लावायची. मी तिची लेक. मी सांगितले, कापूस टाकत जा. ह्यांनी तसे केले, ते बघून दुसऱ्याने केले, मग सगळ्या खात्याने. सगळ्यांना बरे वाटले. चांगुलपणानेच झाले सगळे.

पण त्या रविवारी हे एवढे शांतपणे कुठे सुचत होते? मला एवढेच दिसले की ज्याच्या हातून मी पडले तोच मला माहेरी धाडायला निघाला आहे. मी तोंड भिंतीकडे केले. ह्यांनी दोनदा हाक मारली. मग खाटेखाली फोडींची ताटली सरकवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. आठ दिवस नाहीत.

"गेला व्हय?" धोंडाबाईने विचारले. तिला तेव्हा ताप चढायला लागला होता. छाती घरघरायची.

"कामात असतील."

"व्हय, कामात आसंल," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "माज्या घोंगडीचं टोक तिकडं घे ग. तुला थंडी वाजत आसंल." घोंगडी माझ्या खाटेपर्यंत पोचत नव्हती. तिने हात लांब करून बघितला, मीही बघितला. दोन खाटांमध्ये हातभर जागा उरली.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी ती गेली. मला मान वळवता येत होती म्हणून मी सगळे बघितले. नर्सबाईंनी तोंडावरून चादर घेतली आणि पडदा लावला. मुले आली ती बाजाराच्या दिवशी, नेहमीप्रमाणे. ह्यावेळी मात्र तीन दिवस उशीर झालेला होता.

नरसम्माने आणलेली बातमी

नरसम्मा सुट्टीच्या दिवशी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. मी तिला बघितल्याबरोबर रडायला लागले.

"माझे मालक गावाला गेले का ग? खरं सांग."

"कुठला गाव? कोळशावर हाय ना तो!" ती म्हणाली. "तुला ठाव न्हाय? साहेबापुढं जाऊन उभा राहिला, अम्मा. म्हनला, कापूस मी टाकला, बाईचं नाव खोडा कागदावरनं."

मी विचारले, "साहेब काय म्हणाले?"

"म्हनला, कागद वर गेला, आता खोडता येत न्हाय. आन् म्हनला, त्या खळीत चरबी पडते, माती पडते, कसलं अन्न घेऊन बसलात? मग ह्याला खळीतनं काढला आन् बॉयलरवर घातला. पहाटे जातो, दिवे लागल्यावर येतो, रविवारीबी सुट्टी न्हाय. दवाखान्याची वेळ संपून जाते. काळा झालाय नुसता. काल बघून मी ओळखला न्हाय."

"मग आता बोळात झाडू लावतात का?"

नरसम्माने चटणीचा कागद उलगडला. "दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी परत कापूस. अन्नाला झाडू लावायला कोनी धजत न्हाय म्हणे."

मी कोणाला दोष देऊ? त्यांच्या हातांत माझेच शब्द होते. म्हणून ज्या बाया गिरणीत, कारखान्यात, नाहीतर कोणाच्या मोठ्या स्वैपाकघरात राबतात, त्यांना हात जोडून सांगते. सांडलेले झाकू नका. अन्न वाटत असेल तर ओंजळीने उचला, कपाळाला लावा, पण तेव्हाच्या तेव्हा. हातातले काम टाकून. हंडा उतू जात असला तर उतू जाऊ द्या. आणि डोक्यावर टोपली असेल तर पुढे चालणारीने मागचीला ओरडून सांगावे, इथे ओले आहे. नरसम्माला कापसाच्या कडेने ओल दिसली होती. ती वळसा घालून गेली होती. तिने मला हे नंतर स्वतः सांगितले, आणि सांगताना माझ्यापेक्षा जास्त रडली.

स्टेशनची वाट

वाळूची पिशवी काढली तेव्हा पाय हलका होईल असे वाटले होते. तो हलका झाला नाही, परका झाला. नर्सबाईंनी दोन्ही बगलांत हात घालून उभे केले. डावी टाच जमिनीला टेकेना. ती तीन बोटे वरच राहिली.

"जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "आखूड राहील. काठी घ्यावी लागेल. पण चालशील."

त्यांनी "बघू" म्हटले नाही, म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार करायला गेले आणि पडता पडता राहिले.

नर्सबाईंनी शिकवले, चढताना चांगला पाय आधी, उतरताना मोडका आधी. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरी सोडायच्या दिवशी हे आले. नखांत काळे, डोळ्यांच्या कडांना काळे. आम्ही त्या रविवारपासून बोललो नव्हतो. दवाखान्याच्या पायऱ्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. खाली टांगा उभा होता आणि टांग्यात माझी पत्र्याची पेटी ठेवलेली होती. माझ्या लग्नातली, लुगड्यांची. कुलूप लावलेले.

मी विचारले नाही. टांग्यात चढले. मनाशी ठरवले होते की रडायचे नाही आणि ह्यांच्यापुढे पदर पसरायचा नाही. त्यांनी आपली चूक सांगितली होती, कोळसा पत्करला होता. एवढे करून माणूस मोकळा झाला असे त्याने मानले तर मी काय म्हणणार?

सात रस्ता चौकात टांगा आला. तिथून एक वाट स्टेशनकडे जाते. टांगेवाल्याने पेटीकडे बघितले आणि लगाम ओढत विचारले, "टेशन कू जाना ना, भाऊ?"

घोडा थांबला. मला वाटले, आता हो म्हणतील. तोच माझ्या तोंडून निघून गेले, "पेटी काहून घेतली?"

"कोठं ठेवू मंग? बाकी सामान नेलं, शेवटची तेच राह्यली होती." त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. "माडीवरची खोली सोडली म्या आज. तुले जिना कसा चढता येईन? खालती घेतली, मोरीजवळची. अंधारी हाय. वास येते." मग टांगेवाल्याला म्हणाले, "टेसन नाही, भाऊ. गिरणीमागच्या चाळीत."

टांगा वळला. मी पेटीवर हात ठेवून म्हणाले, "दादाले काहून लिहिलं होतं तुम्ही?"

"भेव वाटलं होतं," हे म्हणाले. "तुह्याकडं पाहताच येत नव्हतं मले."

नवी खोली खरेच अंधारी होती. मोरीचा वास दारापासूनच येत होता. दाराबाहेर एक दगडी पायरी होती, कित्येक वर्षांच्या पावलांनी आणि मोरीच्या पाण्याने गुळगुळीत झालेली असणार. पण तिच्यावर सगळीकडे बारीक, नवे, पांढरे ठोके मारलेले दिसले.

"जात्याले छिन्नीनं टाकी लावणारी आली होती," हे म्हणाले. "तिच्या हातून करून घेतलं. हसत होती मले. म्हणे, पायरीवर काय दळणार हाय, बाबा?"

चांगला पाय आधी. मी उजवा पाय पायरीवर ठेवला. दगड तळव्याला बोचला. काठी टेकली आणि डावा मागून ओढून घेतला. तोही तिथेच राहिला, सरकला नाही. हे खाली उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, पण मला धरले नव्हते.

"टोचते का?" त्यांनी विचारले.

"टोचते."

"घासून थोडं कमी करू का?"

मी चौकट धरून उभी होते. गिरणीत मला परत घेणार नव्हते, ते मला ठाऊक होते. हा पाय तीन बोटे आखूडच राहणार होता.

"नको," मी म्हणाले. "टोचू द्या."